रीलमधली ‘ॲक्टिव्हिटी’ आणि अंगणातला मातीचा बैल: गडचिरोली-चंद्रपुरात लहान मुलांचा खेळ नेमका कुठे अडतोय?

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलं की इन्स्टाग्रामला ते लगेच कळतं. मग फीडमध्ये एकामागून एक रील यायला लागतात. रंगवलेले तांदूळ एका ट्रेमध्ये ओतलेत, त्यात प्लॅस्टिकचे डायनासोर लपवलेत आणि मूल चमच्याने ते शोधतंय. खाली लिहिलेलं असतं, ‘फक्त पाच मिनिटांत घरच्या घरी सेन्सरी प्ले’. कमेंटमध्ये अर्धे आईबाप ट्रेची लिंक मागतात आणि उरलेले सांगतात, ‘आमचा तर मोबाईलशिवाय जेवतच नाही.’

आता हीच रील ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाहीच्या धानपट्ट्यातल्या एखाद्या आजीला दाखवा. खायच्या तांदळाला रंग लावून मातीत सांडायला दिलेत, हे बघून ती काय म्हणेल हे वेगळं सांगायला नको.

पण रीलमागची कल्पना चुकीची नाही. लहान मूल हाताने शिकतं, आणि त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. केंद्र सरकारचा अंगणवाड्यांसाठीचा नवा अभ्यासक्रमही आता हेच सांगतोय. म्हणूनच चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलाच्या जिल्ह्यांकडे बघायला हवं. घरी बनवलेल्या खेळण्यांसाठी जे सामान लागतं, ते इथे दारात पडलेलं असतं. तरीही खेळ अडतो. सामान कमी पडत नसेल, तर कमी पडतंय काय?

सरकारने नेमकं काय ठरवलंय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्यांदाच ३ ते ६ या वयाला शिक्षणाच्या अधिकृत रचनेत आणलं. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे वाक्य त्या धोरणातलं आहे आणि तेव्हापासून ते प्रत्येक सरकारी भाषणात ऐकू येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला, म्हणजे खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रं आणि गोष्टींची पेटी.

अंगणवाड्यांसाठी महत्त्वाची घोषणा झाली १० मे २०२३ ला. महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी आणि वजनकाटा नाही, तर ते मुलाच्या शिकण्याचं पहिलं ठिकाण आहे, असा त्याचा अर्थ. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, दोन पुस्तकं आली. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’. नवचेतनामध्ये ३६ महिन्यांसाठी वयानुसार १४० कृती दिल्या आहेत. आधारशिलामध्ये ४८ आठवड्यांचं वेळापत्रक आहे. दोन्हींचा भर स्थानिक आणि घरी बनवता येणाऱ्या साहित्यावर आहे.

कागदावर हे सगळं छान आहे. आणि गंमत म्हणजे महाराष्ट्रासाठी यातलं फारसं काही नवं नाही.

ही कल्पना मुळात आली कुठून?

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. ताराबाईंनी मॉन्टेसोरी पद्धतीचा सखोल अभ्यास केला होता. पण मॉन्टेसोरीची लाकडी साधनं महाग, आणि वारली पाड्यांवर ती न्यायची कशी, हा प्रश्न होताच. मग शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे आणि चिकणमाती हीच साधनं झाली. मोजणी बियांनी, रंगांची ओळख पानाफुलांनी.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. मुलं बालवाडीत येतच नव्हती. घरात धाकटं भावंडं सांभाळायचं असायचं, गुरं राखायची असायची. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांमध्ये सुरू केली, तिचं केंद्र आज देशभर अंगणवाडी म्हणून ओळखलं जातं.

या इतिहासात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ताराबाईंनी फक्त महागडं साहित्य बदलून स्वस्त साहित्य आणलं नाही. त्यांनी शाळेची जागा आणि वेळ मुलांच्या घरच्या कामाप्रमाणे बदलली. आजच्या सरकारी पुस्तकांनी साहित्याचा भाग उचललाय. जागा आणि वेळेचा भाग मागेच राहिलाय.

जंगलात खेळायला काय काय मिळतं?

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण झाडं, माती आणि सण दोन्हीकडे जवळपास तेच. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात मुलाच्या हाती काहीतरी येतंच.

फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग निघतो. होळीला तो पिढ्यानपिढ्या वापरला जातो. तोच रंग, हळदीचं पाणी, चुलीतला कोळसा आणि लाल माती घेतली की चार रंग झाले. कडुलिंबाच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की कुंचला तयार. जुन्या वर्तमानपत्रावर किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीच्या एका कोपऱ्यावर तीन वर्षांचं मूल अर्धा तास सहज रमतं. मुलाचं चित्र ‘कशाचं आहे’ हे विचारायची घाई मात्र करू नये. या वयात रेघ ओढता येणं हीच मोठी गोष्ट असते.

पळसाची पानं म्हणजे दोने आणि पत्रावळ्या. घरात कुणी पत्रावळी टाचत बसलं असेल, तर मुलाला पानं लावायचं काम द्या. मोठी इकडे, लहान तिकडे, फाटकी बाजूला. पुस्तकी भाषेत याला वर्गीकरण म्हणतात आणि पुढचं गणित त्यावरच उभं राहतं. चिंचोके, सागरगोटे, करंजाच्या बिया, मोहाची टोळंबी एका टोपलीत मिसळून वेगवेगळ्या वाटीत टाकायला सांगितलं, तरी तेच काम होतं. चिमटीत बी पकडणारी बोटं दोन वर्षांनी पेन्सिल पकडणार असतात.

पावसाळ्याच्या तोंडावर उकिरड्यावर आंब्याच्या कोयी रुजतात. कोवळा कोंब आलेली कोय दगडावर घासली की पिपाणी होते. चाळिशीतल्या कुणालाही विचारा, आवाज कसा येतो ते करून दाखवेल. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी हा असाच एक खेळ. आतला भेंडासारखा मऊ भाग चाकाला, बाहेरची साल आसाला. फक्त ही साल ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं आणि जोडायचं मुलांचं.

मग येतो पोळा. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर या दिवशी मुलं लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी फिरतात आणि बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळवतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा असल्याचं सांगतात. एक खेळणं केंद्रस्थानी असलेला, आणि मोठ्यांनी इतक्या गंभीरपणे साजरा केलेला दुसरा सण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. शहरांत आता मोठे, पॉलिश केलेले नंदी हजारो रुपयांना विकले जातात आणि स्पर्धेत पालकांचाच उत्साह जास्त असतो. पण चिकणमातीचा बैल घरी होतो. माती मळायची, लांब गोळा करायचा, चार पाय, वशिंड, शिंगांना काड्या. पाय सारखे झाले नाहीत तर बैल पडतो. तो का पडला हे शोधताना मूल जे शिकतं, ते फळ्यावर शिकवता येत नाही.

बांबूचं तर विचारूच नका. बुरूड समाजाच्या हातची सुपं, टोपल्या, डाली इथल्या घराघरात आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला राज्य सरकारचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गावाने स्वतः बांबू विकला. एक जाड बांबू वेगवेगळ्या लांबीत कापून, कडा घासून गुळगुळीत केला, की उंच-ठेंगणं लावायचा, रचायचा, वाजवायचा संच तयार होतो. कडा घासणं विसरायचं नाही, बांबूचं कुसळ बोटात गेलं की खेळ तिथेच संपतो.

‘कचऱ्यातून खेळणी’ या कल्पनेला देशभर नेणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं हेच केलं. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, झाकणं, स्ट्रॉ. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत, पण तत्त्व एकच. मोडलं तर मुलालाच दुरुस्त करता आलं पाहिजे.

म्हणजे जंगलातलं सगळं सुरक्षित असतं का?

अजिबात नाही, आणि ‘नैसर्गिक म्हणजे चांगलं’ म्हणणाऱ्या रील इथेच धोकादायक ठरतात.

गुंजेच्या बिया दिसायला सगळ्यात सुंदर, लालभडक आणि काळा ठिपका. माळेत ओवतातही. पण त्या विषारी आहेत, आणि फोडून किंवा चावून पोटात गेल्या तर जीवावर बेतू शकतं. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या विदर्भातून अधूनमधून येतच असतात. या दोन बिया खेळातून पूर्ण बाद.

तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोका किंवा सागरगोटाही देऊ नये. जी वस्तू तोंडात पूर्ण मावते ती घशातही अडकू शकते. एवढ्या लहान मुलासाठी बंद झाकणाच्या बाटलीत बिया भरून खुळखुळा करा. झाकण घट्ट लावा, वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि रोज एकदा तपासा. चुन्याने रंग खुलतो म्हणून तो कालवायला देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

आणि तिसरा धोका खेळण्याचा नाही, अंगणाचा आहे. चंद्रपुरात वाघ-बिबट्यांचा वावर वस्तीला लागून आहे. मे २०२२ मध्ये चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापुरात घराच्या दारातून बिबट्याने तीन वर्षांच्या मुलीला धरलं आणि तिच्या आईने काठीने मारून तिला सोडवलं. संध्याकाळी अंधार पडल्यावर लहान मुलांना अंगणात एकटं सोडू नका, हा वनविभागाचा सल्ला इथे औपचारिक नाही. ‘मुलांना मोकळ्यावर खेळू द्या’ हे पुण्या-मुंबईत बसून लिहिणं सोपं असतं. इथे मोकळ्यावर खेळायचं तर दिवसाउजेडी आणि कुणीतरी मोठं माणूस जवळ असताना.

मग अडतं कुठे?

इथे जमैकाचं उदाहरण बघायला हवं. सातासमुद्रापारचं आहे, पण प्रश्न थेट गडचिरोलीचा आहे.

१९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली १२९ मुलं निवडली गेली. वय ९ ते २४ महिने, आणि सगळी कुपोषणामुळे उंचीत खुंटलेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधापासून बनवलेला पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा एक तास आरोग्य कार्यकर्ती जायची आणि आईला मुलाशी खेळायला शिकवायची. तिसऱ्याला दोन्ही मिळालं, चौथ्याला काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. खेळणी होती प्लॅस्टिकच्या बाटल्या, खोकी, कापड अशा घरगुती सामानाची. ती घरी ठेवली जायची आणि पुढच्या भेटीत बदलली जायची.

वीस वर्षांनी संशोधकांनी त्यातल्या १०५ जणांना पुन्हा शोधलं. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या, त्यांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा कमाईवर असा दीर्घकाळ टिकणारा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ आहार कमी महत्त्वाचा, असा मुळीच नाही. उपाशी मूल खेळत नाही. पण अन्नाने जे भरून येत नाही ते काहीतरी वेगळं असतं, आणि कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात ते सगळ्यात आधी पोचायला हवं. शिवाय या प्रयोगात बाटलीचा खुळखुळा हे निमित्त होतं. खरी गोष्ट होती तो आठवड्याचा एक तास, आणि आईला लागलेली बोलत-बोलत खेळायची सवय.

आता हा तास चंद्रपूर-गडचिरोलीत शोधून बघा.

मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. पहाटे अंधारातच घरातल्या बायका फुलं वेचायला निघतात. त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम. काही आठवड्यांचीच कमाई, पण वर्षाचं गणित त्यावर असतं, त्यामुळे घरातला प्रत्येक हात जंगलात. परतल्यावर पानांच्या जुड्या बांधायच्या. ही कामं जीवावरची आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जून-जुलैत रोवणी. या महिन्यांत दोन वर्षांचं मूल आजीकडे असतं, किंवा सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. कडेवर बाळ असलेली ताई स्वतःही खेळत नाही, ही यातली दुसरी बाजू.

उन्हाळ्यात अंगणवाडीची वेळ सकाळची आणि कमी असते. म्हणजे घरी कुणी नसतं तेव्हाच केंद्रही लवकर बंद होतं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीत ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेने यावर ‘फुलवारी’ काढली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गावातल्याच बायकांनी चालवलेलं दिवसभराचं पाळणाघर, आहार आणि खेळ एकत्र. पुढे तिथल्या सरकारनेही ही कल्पना उचलली. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. तेंदूच्या हंगामात त्याची सगळ्यात जास्त गरज कुठे आहे, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

सेविकेचा दिवस कशात जातो?

राज्यात १ लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीत एक सेविका आणि एक मदतनीस. सेविकेने मुलांची हजेरी घ्यायची, वजन-उंची मोजायची, आहार द्यायचा, गरोदर मातांच्या घरी जायचं, लसीकरणाच्या दिवशी हजर राहायचं. मार्च २०२१ पासून हे सगळं पोषण ट्रॅकर ॲपवर भरायचं. ॲप इंग्रजीत आणि मोबाईल कमी क्षमतेचे, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईलच परत करायचं आंदोलन केलं. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. नेटवर्क नसलेल्या भामरागड-एटापल्लीच्या गावांत याचा अर्थ काय होतो, ते समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरायचं कामही सेविकांकडे आलं. त्याआधी ४ डिसेंबर २०२३ पासून मानधनासाठी त्यांचा संप झाला, तो ५० दिवसांहून जास्त चालला. तेवढे दिवस खिचडीही बंद होती आणि खेळही.

या सगळ्यानंतर ‘आधारशिला’चं ४८ आठवड्यांचं वेळापत्रक तिच्या हातात येतं. पुस्तक सांगतं, स्थानिक साहित्य गोळा करा. साहित्य आहे. ते घेऊन मुलांसोबत जमिनीवर बसायला तास कुठून आणायचा, याचं उत्तर पुस्तकात नाही. पर्यवेक्षिका भेटीला आली की ट्रॅकरवरची नोंद तपासली जाते. मातीचे बैल किती झाले, हे कुठल्याच रकान्यात नसतं. जे मोजलं जात नाही ते आधी बाजूला पडतं, यात सेविकेचा दोष काढणं अन्याय होईल.

पालकांना खेळ हवा असतो का?

हा प्रश्न अवघड आहे. आरमोरी असो की वरोरा, तालुक्याच्या गावात आता ‘कॉन्व्हेंट’ असतंच. इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही खासगी शाळेला विदर्भात कॉन्व्हेंटच म्हणतात. तिथे साडेतीन वर्षांचं मूल टाय लावून जातं आणि घरी येऊन ए टू झेड म्हणून दाखवतं. अंगणवाडीतलं मूल माती खेळून येतं. दारिद्र्यातून वर यायची धडपड करणाऱ्या बापाला यातलं कुठलं शिक्षण वाटणार? त्याला अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. त्याने अंगणवाडीत खेळ कधी नीट घेतलेला पाहिलेलाच नसतो, त्याने पाहिलेली असते ती खिचडीची रांग.

२०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे होतात, वस्तीवर मातांचे गट बनतात आणि त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डं मिळतात. व्हॉट्सॲपवरही कृती जातात. मातांना गटात बसवून खेळायला लावलं की त्यांना त्यातलं शिक्षण दिसतं, ही त्यातली पकड योग्य आहे. मर्यादा एवढीच की हे पहिलीच्या दारातल्या मुलांसाठी आहे. दोन-तीन वर्षांची मुलं अजून बाहेरच.

आणि बोलायचं कोणत्या भाषेत?

खेळताना मोठं माणूस जे बोलतं, त्यातून मुलाचे शब्द वाढतात. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या घरांत हे बोलणं माडिया किंवा गोंडीत होतं. कृतीचं कार्ड येतं मराठीत, मूळ पुस्तक हिंदी-इंग्रजीत. सेविका गावातलीच असेल तर ती मनातल्या मनात भाषांतर करते. बाहेरची असेल तर मूल गप्प बसतं आणि ‘प्रतिसाद देत नाही’ असं ठरतं.

मातृभाषेचा मुद्दा इथे किती नाजूक आहे ते धानोरा तालुक्यातल्या मोहगावने दाखवलंय. ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचलं. एकीकडे राष्ट्रीय धोरण मातृभाषेतून शिकवा म्हणतं, दुसरीकडे गावाने तेच केलं तर नोटीस येते. तीन वर्षांच्या मुलाच्या खेळाला मात्र मान्यता लागत नाही. पानांना, बियांना, पक्ष्यांना घरच्या भाषेतली नावं आजीला येतात, आणि अंगणवाडीत आठवड्यातून एक दिवस आजीला बोलवायला कुठला शासननिर्णय आड येत नाही.

पैसा कुठून येईल?

साहित्याला जवळपास लागत नाही. लागतो तो माणसाच्या वेळेला. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे गडचिरोलीच्या बऱ्याच आणि चंद्रपूरच्या काही भागात, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा योजनेतून थेट ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य व शिक्षण या बाबी त्यात बसतात. अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे व्यवहार स्वतः करतात. हंगामाचे दीड-दोन महिने गावातल्या दोन बायकांना मजुरीएवढे पैसे देऊन अंगणवाडीच्या खोलीत मुलांना दिवसभर सांभाळायचं आणि खेळवायचं ठरलं, तर तो खर्च रस्त्याच्या एका तुकड्याहून कमी असेल. ग्रामसभेत असा विषय क्वचितच येतो, कारण तो मांडणाऱ्या बायका त्या वेळी जंगलात असतात.

म्हणून हा विषय मांडायचा असेल तर तो हंगामाच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच मांडावा लागतो. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यासाठी सोयीची आहे. तेव्हा धान घरात आलेलं असतं, मोह पडायला अजून महिना-दीड महिना असतो आणि बायका गावात असतात.